क्रिस्टलमध्ये थ्रीडी फोटो कोरणारं ग्रीन लेझर मशीन: पावसाळा काढल्यानंतर

५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण, डायोड पंप (लेझरला ऊर्जा पुरवणारा भाग), सेकंदाला ३ हजार स्पंद ही माहिती ब्रोशरमध्ये आहेच. साकीनाक्याच्या गाळ्यात उन्हाळा आणि अख्खा पावसाळा मशीन चालल्यावर सांगायचंय ते मुख्यतः चिलरबद्दल, म्हणजे लेझरला थंड पाणी पुरवणाऱ्या यंत्राबद्दल, कारण मुंबईत या मशीनचा जीव चिलरमध्ये आहे.

चिलर २२ अंशांवर सेट होऊन आला. जुलैत इथे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतली वाफ थेंब होऊन बसते तो, २५ अंशांच्या आसपास असतो. एसी बंद आणि चिलर चालू राहिला, की पाण्याच्या नळीला बाहेरून थेंब सुटतात. तेच लेझर हेडच्या आत, हिरवा प्रकाश बनवणाऱ्या छोट्या क्रिस्टलच्या होल्डरवर आणि आरशांवर होतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते कोरलेल्या चित्रातले फिके ठिपके. सर्व्हिसवाले फोनवर सांगतात, ‘करंट वाढवा.’ अजिबात वाढवू नका. ओलसर आरशावर जास्त पॉवर पडली की कोटिंग जळतं आणि काळा डाग पडतो. आमचा आरसा असाच गेला. ‘जागेतली आर्द्रता’ असं कारण देऊन विक्रेत्याने क्लेम नाकारला. मॅन्युअलमध्ये मात्र आर्द्रतेबद्दल एक ओळही नाही. मुंबईत मशीन विकायचं आणि पावसाचा उल्लेख टाळायचा, हे चीड आणणारं आहे.

आता क्रम ठरलेला आहे. सकाळी आधी एसी, ड्राय मोडवर. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ६० टक्क्यांखाली आला की चिलर २५ अंशांवर, मग लेझर. रात्री उलट: लेझर, चिलर, शेवटी एसी. सेटिंग २२ वरून २५ केलं की पॉवर मीटरवर पुन्हा तपासणं भाग आहे, कारण पंप डायोडची वेव्हलेंग्थ अंशामागे साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते आणि त्याने पॉवर बदलते. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाच्या पाण्याने क्षार साचतो. चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं मशीन तसंच राहू द्या. हेडमधला तो छोटा क्रिस्टल तापमानाला स्थिरावला नाही, तर एकाच चेहऱ्यात कपाळ ठसठशीत आणि हनुवटी पुसट येते.

फोटोवरून थ्रीडी करणारं सॉफ्टवेअर सुरुवातीला टाकाऊ वाटलं होतं: नाक लांब, कान मागे ओढलेले. ते मत आता बदललंय. सॉफ्टवेअरमध्ये काचेचा अपवर्तनांक (काच किरण किती वळवते तो आकडा) १ ठेवून आला होता. या ठोकळ्यांच्या के-९ जातीच्या काचेचा तो १.५१६ असतो, त्यामुळे लेन्स १ मिलिमीटर खाली गेली की आतला फोकस सुमारे दीड मिलिमीटर सरकतो आणि सगळी खोली दीडपट ताणली जाते. आकडा बदला, २० मिलिमीटरचा घन कोरा आणि बाजूने, काटकोनात बघून मापा. ३० भरला तर सेटिंग लागू झालेलं नाही. केसांचं काम मात्र अजूनही हातानेच सुधारावं लागतं.

थर नेहमी तळापासून वर. हिरवा किरण काचेतून सरळ पार होतो. फोकसवर, जिथे काही नॅनोसेकंदांच्या स्पंदाची सगळी ताकद एका बिंदूत येते, तिथेच काच ऊर्जा शोषते आणि केसाच्या जाडीची तड पडते. वरचा थर आधी कोरला तर खालच्या थरासाठीचा किरण त्या तडांवर विखुरतो. ठिपक्यांमधलं अंतर ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी केलं की तडा एकमेकींना मिळतात. डोळे आणि दातांपाशी हे हमखास होतं, आणि कधी अख्खा ठोकळा उभा चिरतो. कडेपासून ५ मिलिमीटर मोकळे सोडा. वरचा पृष्ठभाग आयसोप्रोपाइलने पुसा, कारण बोटाच्या ठशाखाली ठिपके गळतात.

ठोकळ्यांवर पैसे वाचवायचा मोह सोडा. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला घाऊकमध्ये स्वस्त माल मिळतो, पण घेण्याआधी दोन पोलराइज्ड फिल्म एकमेकींना आडव्या धरून मध्ये ठोकळा बघा. उजळ पट्टे दिसले तर काच नीट थंड केलेली नाही, आत ताण आहे, ठोकळा लेझरखाली फुटणार. ऑनलाइन प्रकारचा यूपीएसही (वीज गेली तरी खंड न पाडता बॅटरीवर चालवणारा) हवाच. मध्येच वीज गेली की ठोकळा पुन्हा त्याच जागी जुळत नाही.

कोरीव काम सुंदर येतं, त्याबद्दल तक्रार नाही. घेणार असाल तर एसी, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) आणि यूपीएसचा खर्च किमतीत धरूनच भाव करा. आरसे आणि लेन्स आर्द्रतेमुळे खराब झाल्यास वॉरंटी लागू आहे की नाही, हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी होकारावर पैसे देऊ नका.