नव्वद मिनिटांचा नाश्ता

आई-बाबा सांगलीहून डॅलसला आले होते. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून मे महिन्यात आम्ही चौघं तिथल्या प्लाया देल कार्मेनला गेलो.

फसवणूक सुरू झाली ती कॅनकुनच्या विमानतळावरच. कस्टम्समधून बाहेर पडलं की एक दालन लागतं. दोन्ही बाजूंना काउंटर, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली हसरी माणसं. आम्हाला वाटलं, विमानतळाचेच कर्मचारी. एकानं हॉटेलचं नाव विचारलं आणि "तुमची गाडी यायला दहा मिनिटं आहेत, बसा" म्हणाला. (ठरवलेल्या गाड्या इमारतीबाहेर उभ्या असतात. आमचा ड्रायव्हर नावाची पाटी धरून बाहेर ताटकळत होता.) त्या दहा मिनिटांत चिचेन इत्साच्या माया अवशेषांची सहल अर्ध्या किमतीत आणि कोसुमेल बेटाच्या बोटीची चार तिकिटं फुकट, असं ठरलंसुद्धा. बदल्यात काय, तर एका रिसॉर्टवर नाश्त्याला यायचं. नव्वद मिनिटं. वीस डॉलर डिपॉझिट.

एरवी मी गेलो नसतो. पण किनाऱ्यावर सार्गासमचा थर साचला होता, गुडघाभर तपकिरी शेवाळ, आणि ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आई पाण्यात पाय घालायला तयार नव्हती. म्हटलं, सकाळ तरी जाईल.

नाश्ता झकास होता. दारातच पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड बघायला घेतलं, तेव्हाच उठायला हवं होतं. विकायचा होता टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क. समोर बसलेला विक्रेता आम्हाला वाचता यावं म्हणून आकडे उलटे लिहायचा, निळ्या पेननं, सराईतपणे. ३८,००० डॉलर. खोडून २१,०००. आम्ही उठलो की त्याचा साहेब यायचा, तो गेला की त्याचा साहेब. ९,८०० वर आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, बाबांची गोळी चुकली होती आणि मला फक्त तिथून सुटायचं होतं. १,८०० डॉलर कार्डवर भरले, अकरा पानांवर आद्याक्षरं केली. कुणीतरी घंटा वाजवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा हळूच म्हणाले, "लिलावात बैल विकला गेल्यावरसुद्धा एवढा गाजावाजा करत नाहीत."

रात्री बायकोनं करार वाचला. दरवर्षीचा मेंटेनन्स वेगळा, तोही त्यांच्या मर्जीनं वाढणारा. तोंडी दिलेलं एकही आश्वासन कागदावर नाही. मात्र एक कलम कामाचं सापडलं. मेक्सिकोच्या नियमानुसार टाइमशेअरचा करार सही केल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत दंड न भरता रद्द करता येतो.

खरी चूक माझी इथे झाली. तिसऱ्या दिवशी मी फोन केला. पलीकडची बाई गोड बोलली, "नोंद केली, काळजी करू नका" म्हणाली, एक नंबरही दिला. डॅलसला परतल्यावर नवव्या दिवशी चौकशी केली, तर लेखी अर्जच आलेला नाही, मुदत संपली. फोनवरच्या नोंदीचा माझ्याकडे पुरावा शून्य. बँकेनंही सही केलेला करार पाहून हात वर केले. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर त्याच दिवशी पत्र लिहा, स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, ईमेलही टाका. घेत नसतील, तर प्रोफेको या तिथल्या सरकारी ग्राहक कार्यालयात जा. परतीच्या विमानाच्या आधी.

१,८०० डॉलरवर पाणी सोडलं असं धरून चाललो होतो. चार महिन्यांनी फोन आला. "तुमचा हिस्सा घ्यायला गिऱ्हाईक आहे. सगळे पैसे मिळतील, फक्त मेक्सिकोचा कर ६४० डॉलर आधी भरा." माझं नाव, कराराची तारीख, भरलेली रक्कम, सगळं त्याला तोंडपाठ. खरं सांगतो, मी बँकेचं ॲप उघडलं होतं. बायकोनं हातातून फोन काढून घेतला.

नंतर वाचलं की एफबीआय आणि अमेरिकेच्या अर्थखात्यानं जुलै २०२४ मध्येच या प्रकाराबद्दल इशारा दिला होता. मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याची ड्रग टोळी टाइमशेअर घेतलेल्या लोकांना, त्यातही वयस्करांना, अशाच आगाऊ कराच्या नावाखाली लुबाडते. मला आलेला फोन त्यांचाच होता, असं माझं म्हणणं नाही. पण आमची माहिती त्या नाश्त्याच्या टेबलावरून कुणाकडे तरी गेली, एवढं नक्की.

नंबर ब्लॉक केला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नंबरावरून आला. आता कर ४०० वर आलाय.