डीडीरेस्क्यू: डिस्क दगा देऊ लागली की सगळ्यात आधी हेच

फोल्डर उघडताना सगळं गोठतं, मग निळा स्क्रीन, आणि रीस्टार्ट केल्यावर पार्टिशन ‘रॉ’ दिसतं, म्हणजे आतली फाइलींची मांडणी विंडोजला ओळखूच येत नाही. वर विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? तिथे कॅन्सल दाबायचं. चेकडिस्कच्या (विंडोजच्या डिस्क दुरुस्तीच्या टूलच्या) वाटेलाही जायचं नाही, कारण ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच आजारी डिस्कवर लिहितं. ग्नू डीडीरेस्क्यू मूळ डिस्कवर काहीच लिहीत नाही, नुसतं वाचतं आणि दुसरीकडे प्रत काढतं. टूल फुकट आहे आणि सिस्टमरेस्क्यू या लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीत (जिच्यावरूनच कॉम्प्युटर सुरू होतो) तयार मिळतं.

आधी स्मार्टचे आकडे बघा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्या. ५, १९७ आणि १९८ या नोंदी वाढत असतील तर पृष्ठभाग खराब होतोय. फक्त १९९ वाढत असेल तर संशय केबलवर. ती बदलून बघायला दोन मिनिटं लागतात. आकडे स्वच्छ असूनही मशीन क्रॅश होत असेल तर रॅम तपासणारं मेमटेस्ट चालवा, रॅम दोषी असू शकते. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र वीज काढा. वाचणारं हेड गेलं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही, उलट प्रत्येक फेरी डेटाची तबकडी (प्लॅटर) खरवडते.

या टूलची खरी करामत म्हणजे काय आधी वाचायचं आणि काय मागे ठेवायचं याची अक्कल. साधं कॉपी करणारं सॉफ्टवेअर पहिल्या खराब सेक्टरवर (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यावर) डोकं आपटत बसतं. डीडीरेस्क्यू एरर आली की उडी मारून पुढे जातं आणि आधी सहज मिळणारा माल पदरात पाडून घेतं. मग सोडलेल्या तुकड्यांच्या कडा वाचतं, आणि शेवटी आतला भाग सेक्टर-सेक्टर करून खरवडतं. हा खरवडायचा टप्पा डिस्कला सगळ्यात जड जातो, म्हणून पहिल्या फेरीत कमांडमध्ये छोटा एन (-n) देऊन तो टाळायचा. दुसऱ्या फेरीत एन काढून डी (-d) आणि आर३ (-r3) द्यायचे: डी म्हणजे कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याची) कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवण, वगळून थेट वाचन, आर३ म्हणजे हुकलेल्या जागी आणखी तीन प्रयत्न. अक्षरं छोटीच हवीत. मोठा आर डिस्क उलट्या दिशेने वाचायला लावतो. कधीकधी तोही कामाला येतो, पण ते ठरवून केलेलं बरं.

मॅपफाइल दिली नाही तर अर्धा फायदा गेलाच म्हणून समजा. कुठलं वाचून झालं आणि कुठलं राहिलं याची नोंद ठेवणारी ही साधी टेक्स्ट फाइल असते. प्रत्येक ओळीत जागा, लांबी आणि एक चिन्ह: अधिक म्हणजे मिळालं, उणे म्हणजे खराब, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही. वीज गेली, डिस्क गायब झाली, तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम तिथूनच पुढे सुरू होतं. फक्त ही फाइल लाइव्ह यूएसबीच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवू नका, रीस्टार्टला उडून जाईल.

आता खोड्या. कमांडमध्ये क्रम मूळ, प्रत, मॅपफाइल असा आहे. डिस्कवरून थेट डिस्कवर प्रत काढताना एफ (-f, म्हणजे समोरच्या डिस्कवर लिहायची परवानगी) द्यावा लागतो, आणि तिथे नावं उलटी पडली की रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते. टूल एका शब्दानेही अडवत नाही. नावापेक्षा मॉडेल आणि सीरियल नंबर जुळवा. त्यापेक्षा इमेज फाइलच काढा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली प्रत. त्यात एफ लागत नाही, आणि नावं चुकून उलटली तरी काम सुरूच होत नाही. इमेजसाठी मूळ डिस्कच्या पूर्ण क्षमतेएवढी जागा मोकळी हवी, कारण रिकामा भागही कॉपी होतो. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही, हेही ध्यानात असू द्या. वेळ म्हणाल तर १ टीबीची धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्क दिवसच्या दिवस खाते.

डीडीरेस्क्यूला फाइल म्हणजे काय हे कळत नाही. पुढचं काम पार्टिशन सावरणाऱ्या टेस्टडिस्कचं, तेही इमेजच्या प्रतीवर. एनटीएफएस म्हणजे विंडोजची नेहमीची फाइल सिस्टम. तिच्या बूट सेक्टरची (मांडणीची माहिती ठेवणाऱ्या पहिल्या सेक्टरची) एक प्रत पार्टिशनच्या शेवटी असते. ॲडव्हान्स्ड, मग बूट, मग बॅकअप बीएस एवढं केलं की ‘रॉ’ पार्टिशन अनेकदा नावांसकट उभं राहतं. ते नाही जमलं तरच फोटोरेक. ते फाइलच्या सुरुवातीच्या खुणांवरून माल शोधतं, त्यामुळे फोटो मिळतात पण नावं आणि फोल्डर जातात, आणि तुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ बहुधा अर्धवटच निघतात.

एसएसडीवर डिलीट झालेल्या डेटाची आशा कमी, कारण ट्रिम झालेली (रिकामी म्हणून एसएसडीला कळवलेली) जागा बहुतेक वेळा शून्यच वाचली जाते. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर इमेज शंभर टक्के निघाली तरी पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की लागतेच. ती त्याच डिस्कवर सेव्ह केलेली असेल तर बोलणंच खुंटलं.