दोन महिने घर बंद: लॅपटॉप फुल चार्ज करून ठेवायचा, अर्धा, की प्लगला लावून?

मे महिना लागला की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली कितीतरी मराठी घरं झेलम नाहीतर गोवा एक्सप्रेसने पुण्याकडे निघतात. गॅस बंद होतो, फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवतात, तुळस शेजारी सोपवतात. लॅपटॉपचा मात्र कुणी विचार करत नाही, तो असेल तसा कपाटात जातो. सोबत नेणार असाल तर प्रश्नच मिटला. घरी राहणार असेल तर माझं मत आधीच सांगतो: निम्मा चार्ज, पूर्ण शटडाउन, आणि घरातली सगळ्यात गार जागा. यातही सगळ्यात वजनदार गोष्ट पहिली.

लिथियम-आयन बॅटरी न वापरताही झिजते. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज सहसा ४.२ च्या आसपास असतं. त्या ताणाखाली आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू खराब होत जातं, आणि उष्णता त्याला आणखी घाई करते. वर्षभर पडून राहिलेल्या बॅटरीची क्षमता किती उरते, याचे नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे असे आहेत. २५ अंश तापमानात ४० टक्के चार्ज असेल तर ९६ टक्के, पूर्ण चार्ज असेल तर ८० टक्के. ४० अंशांत हेच अनुक्रमे ८५ आणि ६५. तुम्ही दोनच महिने जाणार, त्यामुळे नुकसान याहून बरंच कमी होईल. पण आकडे आडवे-उभे लावून बघा: ४० अंशांत पडलेली निम्मी भरलेली बॅटरी, गार खोलीतल्या फुल बॅटरीपेक्षा बरी निघते! ग्वाल्हेरची लू आपल्या हातात नाही, चार्ज किती ठेवायचा ते आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. ॲपलही मॅकबुक बराच काळ ठेवायचा असेल तर ५० टक्क्यांवर ठेवा असंच सांगते, आणि सहा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर दर सहा महिन्यांनी पुन्हा ५० पर्यंत चार्ज करा म्हणते.

तरीही जागेकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या दगडी भिंतींच्या घरात तळमजल्यावरची आतली खोली आणि गच्चीखालची खोली यांत दुपारी केवढा फरक पडतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मॅकबुक ठेवण्याची कमाल मर्यादा ४५ अंश दिलेली असते. नौतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, पारा सावलीतच तिथवर जातो, तर स्लॅबखालच्या लोखंडी कपाटात काय होत असेल? उन्हात उभ्या गाडीची डिकी तर विचारातही घेऊ नका.

चार्जरला लावून जाणं हा मला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. बॅटरी सतत वरच्या टोकाला, वर उकाडा, आणि वीज जात-येत असताना लक्ष द्यायला घरी कुणी नाही. ठरावीक टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी मर्यादा घातली असली तरी बंद घरात प्लग काढलेलाच बरा.

उतरत आलेली बॅटरी तशीच ठेवणं त्याच्या खालोखाल. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही. स्लीपमध्ये तो थोडी थोडी वीज खातच राहतो. आधीच दहा टक्के असेल तर तो शून्यावर जाईल, आणि सेलचं व्होल्टेज फारच खाली गेलं की संरक्षक सर्किट चार्ज घ्यायलाच नकार देतं. ‘पूर्ण उतरवून मगच भरा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. घरातले काका अजून देतात, ऐकून घ्या आणि सोडून द्या. लेनोव्होच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमधून) आतली बॅटरी तात्पुरती बंद करता येते. तुमच्याकडे ती सोय असेल तर जरूर वापरा.

फ्रिजचा सल्लाही कुणीतरी देतंच. सुटी निघणारी बॅटरी हवाबंद पिशवीत घालून ठेवली तर कल्पना अगदीच चूक नाही, पण अख्खा लॅपटॉप नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. शिवाय फ्रिज तर तुम्ही बंद करून जाणार आहात.

घरी राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा. लॅपटॉप कायम टेबलावर, घरात इन्व्हर्टर, तर आसुससारख्या कंपन्या काही लॅपटॉपमध्ये देतात ती ६० टक्क्यांची मर्यादा घाला. इन्व्हर्टर नसेल आणि वीज जाण्याचा भरवसा नसेल तर ८०, कारण वीज गेल्यावर काम चाललं पाहिजे. रोज कॉलेजला घेऊन जाणाऱ्या मुलीने १०० टक्के चार्ज करावा, तो निघायच्या थोडं आधी पूर्ण होईल असा. बॅटरी जपायची म्हणून दुपारी लायब्ररीत प्लग शोधत फिरण्यात अर्थ नाही. कूलरसमोर बसलात तर लॅपटॉप झोताच्या थोडा बाजूला ठेवा, आणि गादीवर ठेवून चार्ज करू नका.

निघण्यापूर्वी लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवून एकदा बघा. डगमगत असेल, टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगली असावी. अशा वेळी वरचा एकही पर्याय लागू होत नाही. चार्ज करू नका, दाबू नका, कपाटातही ठेवू नका. गाडीला निघण्याआधी सर्व्हिस सेंटरवाल्याकडून ती काढून घ्या.