गंगापूर की सांजेगाव? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी वायनरीचा एक दिवस

वायनरीला जायचं ठरलं की ठाण्यात एकच नाव निघतं, सुला. पण त्याच रात्री घरी परतायचं असेल तर आपल्यापुढे दोन वेगळे परिसर आहेत. एक नाशिकला लागून, गंगापूर धरणाच्या काठचा. दुसरा बराच अलीकडे, घोटीजवळ सांजेगाव-कावनईचा. दोन्ही एकाच दिवसात करायचा बेत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर छान दिसतो, पण मग निम्मा दिवस गाडीतच जातो. एकच निवडा, आणि तिथे दोन वायनऱ्या पुरे. तिसऱ्या ठिकाणी जीभ थकलेली असते, सगळ्या रेड वाइन सारख्याच लागायला लागतात.

निवडीआधी एक प्रश्न: परतताना गाडी कोण चालवणार? रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. टेस्टिंगचे घोट लहान असतात, पण पाच-सहा वाइन चाखून वर जेवणासोबत एक ग्लास झाला की हिशेब बदलतो. ‘मी थोडीच घेईन’ म्हणणाऱ्या मित्राच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. न पिणारं कुणी सोबत असेल किंवा दिवसभरासाठी ड्रायव्हर घेणार असाल तर दोन्ही परिसर मोकळे आहेत. नसेल, तर उत्तर गंगापूर, कारण तिथे रेल्वेने जाता येतं.

ठाण्याहून सकाळी नाशिकरोडकडे वंदे भारत (शिर्डीची) आणि तपोवन एक्स्प्रेस जातात, संध्याकाळी दोन्ही परत येतात. पंचवटीचं नाव ऐकून तिच्या भरवशावर राहू नका. ती नाशिककरांच्या सोयीची गाडी आहे, सकाळी मुंबईकडे येते. वंदे भारत मंगळवारी नसते. स्टेशनपासून गंगापूर नाशिक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे कॅब दिवसभरासाठीच ठरवा. संध्याकाळी वायनरीच्या दारात उभं राहून अ‍ॅपवर गाडी शोधण्यात मजा नाही. तपोवनने परतायचं तर धरणावरचा सूर्यास्त सोडून द्यावा लागतो, हेही धरून चाला.

गंगापूरला काय मिळतं? सुलाची पहिली वाइन २००० सालची, आणि आज तिथे टेस्टिंग, उपाहारगृहं, दुकान असा सगळा पसारा आहे. जवळच यॉर्क. ती लहान, धरणाचं पाणी समोर दिसणारी. (यॉर्क २०२१ मध्ये सुलानेच विकत घेतली, तेव्हा ‘दोन वेगळ्या कंपन्या पाहू’ असं मनात असेल तर दुसरी म्हणून सोमा धरा.) ग्रुपमध्ये कुणी वाइन घेत नसेल, सासूबाई किंवा मुलं सोबत असतील, तर हीच जागा बरी. खायला भरपूर, फिरायला जागा. मात्र २१ वर्षांखालच्यांना वाइन मिळत नाही, कॉलेजातल्या भाच्याला हे आधीच सांगा. शनिवार-रविवारी गर्दी इतकी की माहिती देणाऱ्याचं बोलणं नीट ऐकू येईलच असं नाही.

सांजेगाव याच्या उलट. ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने, दोन्ही एकाच टापूत. व्हॅलोनेतून मुकणे धरणाचं पाणी दिसतं. इथे टाक्यांजवळ उभं राहून प्रश्न विचारता येतात: व्हाइट वाइनसाठी रस सालींपासून लगेच का वेगळा करतात, रेडमध्ये साली का ठेवतात, ओकच्या पिंपाने नेमकं काय होतं. वाइन खरंच समजून घ्यायची असेल तर माझं मत सांजेगावलाच. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट इगतपुरीला निघता येतं. बाइकवाल्यांना तो रस्ता बंद. आणि वाचवलेला वेळ रविवारी संध्याकाळी वडपे ते माजिवडाच्या कोंडीत सव्याज परत द्यावा लागतो, म्हणून शक्यतो शनिवार निवडा.

कधी जायचं, यावर दिवसाचा रंग ठरतो. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरात काढतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. इथे वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलची खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी (घडांसाठी). म्हणून ऑक्टोबरात बाग बोडकी दिसली तर निराश होऊ नका. डिसेंबर-जानेवारीत घडांत पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ होऊ लागतात, रंग भरतो. चाखायला मिळालं तर एक मणी खाऊन बघा: लहान, बियांचा, जाड सालीचा, बाजारातल्या थॉमसन सीडलेसशी काही नातं नसलेला. पावसाळ्यात घड नसतात, पण हिरवळ आणि धरणं बघण्यासारखी. नुसत्या टेस्टिंगला तोही काळ चालतो.

आता नवी मुंबईकरांचं. वाशी-नेरूळहून ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठून रेल्वे धरणं सोपं. पहाटेच्या गाडीसाठी मात्र लोकलची वेळ आदल्या रात्री बघा. रस्त्याने जाणार असाल तर शिळफाटा-कल्याण मार्गे किंवा ठाणे-बेलापूर रोडने नाशिक महामार्गाला लागेपर्यंतच बराच वेळ जातो, म्हणून सांजेगाव जास्त परवडतं. पनवेल-खारघरवाल्यांना एक्स्प्रेसवे दारात असल्यामुळे अकलूजच्या फ्रॅटेली वायनरीचा मोह होतो. वाइन उत्तम आहे, पण पुणे ओलांडून, इंदापूरच्याही पुढे. ते एका दिवसाचं काम नाही, मुक्काम करायचा असेल तरच जा. दिंडोरी आणि विंचूरच्या वायनऱ्यांचंही तसंच, नाशिकच्या पलीकडे.

टूर आणि टेबल दोन्ही आधी बुक करा. तारीख ठरवताना ड्राय डे बघा, ऐन हंगामातली २६ जानेवारी हमखास विसरली जाते. घरी बाटल्या आणणार असाल तर बिल जपा, आणि मार्चच्या उन्हात त्या डिकीत ठेवू नका, पायाशी घ्या.