पंधरा वर्षांची रेघ : फौज सोडून पोलिसात जाणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. पलटण कुठे आहे ते तो सांगत नाही, मीही विचारत नाही, पण मागे वारा घोंघावत होता. म्हणाला, "मामा, सीओ साहेबांकडे डिस्चार्जचा अर्ज टाकतोय. घरी येतो आणि एमपी पोलिसची तयारी करतो." त्याचं सातवं वर्ष चालू आहे. बायको इथे जीवाजीगंजात, मुलगी दीड वर्षाची, ती फोनवर बापाला काका म्हणते.

ग्वाल्हेरात हा प्रश्न घरोघरी आहे. पहाटे मेळा मैदानावर जा, शंभर पोरं धावताना दिसतील. निम्म्यांना फौज हवी, निम्म्यांना पोलीस, आणि कडेला दोन-चार जण असे असतात जे एक वर्दी उतरवून दुसरी घालायला निघालेत. त्यांचे केस फौजी असतात आणि दम जरा कमी पडत असतो. मीही त्यातलाच होतो. 17 वर्षं फौज करून हवालदार म्हणून निघालो, आता पोलिसात आठवं वर्ष. म्हणून दोन्ही वर्द्या शेजारी ठेवून सांगतो.

आधी हिशेब वर्षांचा

लोक विचारतात, फौज चांगली की पोलीस? मी उलट विचारतो, तुझी किती वर्षं झाली? जवानाला पेन्शन लागू होते 15 वर्षांच्या सेवेनंतर. ही रेघ ओलांडून आलेला माणूस आणि तिच्या अलीकडून परत फिरलेला माणूस, दोघे एकाच रांगेत एकाच भरतीचा फॉर्म भरतात, पण दोघांचं नशीब वेगळं असतं.

केंद्राच्या 1979च्या नियमांत माजी सैनिकाची व्याख्या आहे. स्वतःच्या अर्जावरून सुटलेला माणूस त्यात बसतो, पण पेन्शन कमावून सुटला असेल तरच. सातव्या वर्षी मर्जीने बाहेर पडलेला जवान कागदावर माजी सैनिक नाही. (जखमी किंवा आजारी झाल्यामुळे फौजेनेच पेन्शन देऊन घरी पाठवलेल्याची गोष्ट वेगळी.) म्हणजे माजी सैनिकांचा कोटा गेला, वयातली सवलत गेली, माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं, कार्ड नाही. उरतो एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा उमेदवार, जो मेळा मैदानावरच्या एकोणीस वर्षांच्या पोरांशी बरोबरीने स्पर्धा करणार. 800 मीटर 2 मिनिटं 45 सेकंदांत. बर्फात राहून आलेल्या गुडघ्यांना हे विचारून बघा.

रेघेपलीकडच्याला काय मिळतं? केंद्राच्या गट क नोकऱ्यांत 10 टक्के राखीव जागा, मध्य प्रदेशातही तृतीय श्रेणीत माजी सैनिकांसाठी जागा. वयातून फौजेची सगळी सेवा वजा होते आणि उरलेलं वय कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांनी जास्त असलं तरी चालतं. माझं वय भरतीच्या वेळी 36 होतं, त्यातून 17 गेली. कागदावर मी एकोणीस वर्षांचा! धावण्यातही थोडी सवलत असते. आणि मुख्य म्हणजे पेन्शन थांबत नाही. माझ्या खात्यात दर महिन्याला दोन रकमा पडतात. पोलिसाच्या पगारातून घर चालतं, पेन्शनमधून थोरलीचं कॉलेज.

आता भाच्याचा आकडा मांडतो. शिपायाचा मूळ पगार 21,700 पासून सुरू होतो. सहा वेतनवाढी धरून त्याचा साधारण 26,000 झाला असेल, वर 5,200 मिलिटरी सर्व्हिस पे. झाले 31,200, महागाई भत्ता वेगळा. मध्य प्रदेशातला नवा आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, 19,500 वर सुरू करतो. महिन्याला 11,700ची उडी, खालच्या दिशेने, आणि तीही निवड झाली तर. शिवाय फौजेची जुनी पेन्शन सोडून तो एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत, येणार.

पोलिसाच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम आहे. मध्य प्रदेशात निवृत्तीचं वय 62. मी सदतिसाव्या वर्षी आमद दिली, म्हणजे हजर झालो, म्हणजे 25 वर्षं हातात. फौजेतला शिपाई-नायक चाळिशीच्या आसपास घरी बसतो आणि मग एटीएमबाहेर बंदूक घेऊन उभा राहतो. तो हिशेब पोलीसच जिंकतो.

अग्निवीरांचं वेगळं आहे

आमच्या गल्लीतला एक पोरगा पहिल्या तुकडीतला. जून 2022 मध्ये चार वर्षांच्या फौजी नोकरीची अग्निपथ योजना जाहीर झाली, ही पोरं 2023च्या सुरुवातीला प्रशिक्षणात होती, म्हणजे त्यांची चार वर्षं 2026च्या अखेरीपासून भरू लागतात. पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार, बाकीची सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी घेऊन बाहेर. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्याला सोडू की नको हा प्रश्नच नाही, त्याला सोडावंच लागू शकतं. म्हणून त्याने तिसऱ्या वर्षापासून पोलीस भरतीचा अभ्यास केला तर मी त्याला शहाणा म्हणेन. केंद्रीय दलांत अग्निवीरांसाठी 10 टक्के जागा आणि वयाची सवलत 2022 मध्येच जाहीर झाली होती, आणि 26 जुलै 2024 ला मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी राज्य पोलिसातही आरक्षण देऊ असं सांगितलं. जाहीर झालेलं आणि जाहिरातीत छापलेलं यात फरक असतो, तेव्हा फॉर्म भरताना छापलेलंच वाचायचं.

घरी असणं आणि घरात असणं

भाच्याचं खरं दुखणं पगार नाही. त्याला मुलीने काका म्हणणं सोसत नाही. इथे मला माझंच उदाहरण द्यावं लागतं, आणि ते मला फारसं आवडत नाही.

फौजेत वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 30 दिवस किरकोळ रजा. मी सतरापैकी अकरा वर्षं गणपतीला घरी होतो. रजाच तशी मागायचो. मूर्ती आणण्यापासून विसर्जनापर्यंत दहाही दिवस घरात, दुपारी अंगणात झोप, संध्याकाळी आरतीला झांज माझ्याच हातात. आता माझं ठाणं घरापासून दोन किलोमीटरवर आहे. आठ वर्षांत एकदाही विसर्जनाला घरी नव्हतो. गेल्या साली आमच्याच गल्लीची मिरवणूक माझ्या बॅरिकेडसमोरून गेली. धाकट्याने ट्रॉलीवरून हात केला, मी शिट्टी वाजवून ट्रॉली पुढे काढली, मागे गर्दी तुंबली होती. सण म्हणजे बंदोबस्त, निवडणूक म्हणजे बंदोबस्त, मेळा म्हणजे महिनाभर बंदोबस्त. 2019च्या सुरुवातीला साप्ताहिक सुट्टी लागू झाली तेव्हा ठाण्यात पेढे वाटले होते. त्या सुट्टीचं पुढे काय झालं ते आमच्या बायकांना विचारा.

पण हेही खरं की आई रात्री पडली तेव्हा मी पंधरा मिनिटांत घरी होतो. फौजेत असतो तर तार-टेलिफोन, रेल्वे वॉरंट, दोन दिवस. रोज रात्री कितीही वाजता का होईना, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवून झोपतो. भाच्याने हे दोन्ही पारड्यांत घालून बघावं. पोलिसात घर जवळ येतं, रजा लांब जाते.

हुकूम आणि रोजनामचा

हवालदार असताना माझ्या हाताखाली तीस माणसं होती. पोलिसात पुन्हा रिक्रूट झालो, पोरांबरोबर फॉलिन, आणि मग आरक्षक. फौजेतली ज्येष्ठता इथे शून्य. आमच्या ठाण्याचा मोहरर, म्हणजे लिखापढी सांभाळणारा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि त्याला मी 'साहेब' म्हणतो. पहिलं वर्ष हे गिळायला जड गेलं, खोटं कशाला बोलू.

कामाचा फरक त्याहून मोठा. सुरुवातीच्या दिवसांत एका रात्री शहरातल्या कंपू भागातल्या एका घरात दोन भाऊ नळाच्या जोडणीवरून भांडत होते. मी फौजी आवाजात म्हटलं, तू इकडे बस, तू तिकडे बस, सकाळपर्यंत कोणी बोलायचं नाही. दोघे बसले. मला वाटलं, प्रकरण मिटलं. सकाळी दोघांनी मिळून माझ्याच विरुद्ध अर्ज दिला. फौजेत हुकूम दिला की गोष्ट संपते, ठाण्यात हुकमानंतर गोष्ट सुरू होते.

आणि कागद! फौजेत बंदूक साफ नसेल तर शिक्षा, इथे कागद साफ नसेल तर आरोपी सुटतो. एका चोरीच्या प्रकरणात जप्ती पत्रकावर वेळ होती 9.40 आणि रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, आमची परत आल्याची नोंद 9.15ची. बचाव पक्षाच्या वकिलाने मला साक्षीत एवढंच विचारलं, "म्हणजे ठाण्यात परत आल्यावर तुम्ही जागेवर जप्ती केलीत?" मी पाणी मागितलं. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, आता झडती-जप्तीचं मोबाईलवर चित्रण करावं लागतं, अटक केलेल्याला 24 तासांत न्यायाधीशासमोर उभं करणं तर आधीपासूनच आहे. ज्याला वाचायचा कंटाळा, त्याने ठाण्यात येऊ नये.

अशा माणसाला मी एसएएफ, म्हणजे राज्य पोलिसांचं सशस्त्र दल, सुचवतो. त्याची 13वी आणि 14वी वाहिनी (बटालियन) ग्वाल्हेरातच आहे. परेड, गारद, कंपनी, सगळं ओळखीचं. मात्र कंपनी कुठेही जाते, तेव्हा घरासाठी फौज सोडणाऱ्याने हे विसरू नये. सीमा सुरक्षा दलाबद्दलही तेच. टेकनपूरची अकादमी जवळ आहे म्हणून तिथेच पोस्टिंग मिळेल या भ्रमात इथली बरीच पोरं असतात. पगार शिपायाइतकाच, 21,700 पासून, वर मिलिटरी सर्व्हिस पे नाही. निवृत्ती 60 ला, ही जमेची बाजू.

पदवी असेल तर उपनिरीक्षकाची परीक्षा द्या. मूळ पगार 36,200 आणि विवेचना, म्हणजे गुन्ह्याचा तपास, तुमच्या हातात. मी फौजेत असताना संध्याकाळी पत्ते खेळलो, शेजारच्या खाटेवरचा नायक इग्नूची पुस्तकं वाचायचा. तो आज दुसऱ्या जिल्ह्यात दोन तारे लावून फिरतो. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाल्या अधिकाऱ्यांना यूपीएससीत पाच वर्षांची वयसवलत आहे, पण त्यांना माझ्यासारख्याच्या सल्ल्याची गरज नाही.

म्हणून माझं मत असं : 15 पूर्ण झाली असतील तर बेलाशक या, सोळाव्या-सतराव्या वर्षी शरीर अजून ऐकतं. फौजेतली नेमणूक संपायला वर्ष उरलं की एनओसी घेऊन फॉर्म भरता येतो, सुटल्यावर धावाधाव करू नका. बारा-तेरा झाली असतील तर दात-ओठ खाऊन थांबा. सहा-सात झाली असतील आणि घरी खरंच कोणी बघायला नसेल, तर तो निर्णय पगाराचा नाही, मी त्यात बोलणार नाही. आणि माजी सैनिकाचा कोटा सरकारी नोकरीसाठी एकदा वापरला की संपला, तेव्हा हाती लागेल त्या पहिल्या शिपाईगिरीवर तो उधळू नका.

हे सगळं भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, लाइन तुटली. मग म्हणाला, "मामा, आठ वर्षं फार असतात हो." परवा पुन्हा फोन आला. बायकोचं फॅमिली क्वार्टरसाठी नाव लावलंय, आणि बी.ए.ला राज्यशास्त्र घेऊ की इतिहास, असं विचारत होता. अर्ज मागे घेतलास का, हे मी विचारलं नाही.