गंगापूर रोडचा रविवारचा फिजिक्स प्रॅक्टिकलचा क्लास : एका पालकाचा अनुभव

मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिला इंजिनिअरिंग नको, फिजिक्समध्येच संशोधन करायचंय. अशा मुलांसाठी नाशिकमध्ये क्लास शोधायला निघालं की जिकडेतिकडे जेईई आणि नीट. आधी लावलेल्या एका क्लासमध्ये गणित झटपट कसं उडवायचं ते शिकवायचे, पण कुणाच्या हातात कधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) आला नाही. गंगापूर रोडच्या एका गल्लीत निवृत्त प्राध्यापिका त्यांच्या बंगल्यात दर रविवारी प्रॅक्टिकल घेतात असं कळलं, म्हणून तिथे नाव घातलं.

मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मायक्रोमीटर आणि गेज रोज हातात, त्यामुळे मापाच्या बाबतीत मी सहजासहजी कुणाला पास करत नाही. या मॅडमना केलं.

पहिल्यांदा लंबक होता. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका आंदोलनाला, म्हणजे एकदा जाऊन परत यायला, दोन सेकंद लागतात, म्हणजे वीस आंदोलनांना चाळीसच्या आसपास. वीसच का, तर स्टॉपवॉच दाबताना हाताचा थोडा फरक होणारच, तो वीस आंदोलनांत वाटला जातो. मुलीची रीडिंग ४०.१, ४०.२ अशी आली आणि मधेच एक ३८.१. तिने खोडरबर उचलला. मॅडम म्हणाल्या, "खोडू नकोस गं. बरोबर दोन सेकंद कमी का आले, ते सांग आधी." बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मॅडमनीही उत्तर दिलं नाही. मग तिच्याच लक्षात आलं. गोळा सोडताना तिने 'शून्य' न म्हणता 'एक' म्हटलं होतं, म्हणजे आंदोलनं एकोणीसच झाली होती. त्या रीडिंगवरून 'जी', म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८ ऐवजी १०.९ आला असता. ते अजून वहीत आहे, वर एक आडवी रेघ आणि शेजारी कारण.

लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची म्हणून आधी झिरो एरर (व्हर्नियर बंद असताना शून्याऐवजी काय दाखवतो ते) बघून गोळ्याचा व्यास घेतला. दोन सेंटीमीटरच्या गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली तर 'जी'मध्ये एक टक्क्याचा फरक पडतो, हे मुलांनी स्वतः काढलं. उत्तर ९.८ आलं म्हणून इथे शाबासकी मिळत नाही. "किती इकडेतिकडे?" हा प्रश्न येतोच. आकड्याशी प्रामाणिक राहायचं हे इतक्या लहान वयात शिकवणारी जागा मी दुसरी पाहिली नाही, आणि फिजिक्सवाल्याला पहिल्यांदा हेच लागतं असं माझं ठाम मत आहे.

पुढे काय लागतं ते मी मॅडमना सविस्तर विचारलं. त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही. गणिताशी मैत्री हवी, कॅल्क्युलसला घाबरून चालणार नाही. न सुटलेला प्रश्न आठवडाभर डोक्यात ठेवता यायला हवा. आपलं काम दुसऱ्याला समजेल असं लिहिता यायला हवं. बारावीनंतर आयसर किंवा नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षा, नाहीतर बीएस्सी करून जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा. आयसरचं बीएस-एमएस पाच वर्षांचं, त्यानंतर पीएचडीची आणखी कितीतरी वर्षं. "अहो, घरच्यांनाही तेवढाच धीर लागतो," म्हणाल्या. फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमारास त्या मुलांना नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला नेतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. एवढं यंत्र एकट्याच्या हुशारीवर चालत नाही, तिथे इंजिनिअर, प्रोग्रामर, खगोलशास्त्रज्ञ सगळे लागतात, हे तिथे उभं राहिलं की मुलांना आपोआप कळतं.

उणिवा आहेत. कॉम्प्युटर अजिबात नाही. ग्राफ पेपरवर हाताने आलेख काढणं चांगलंच, पण आज पायथनसारखी एखादी भाषा आल्याशिवाय संशोधनात पुढे जाता येत नाही. मॅडमनी हे लवकर सुरू करावं. पोटेन्शिओमीटर (व्होल्टेज मोजायचं साधन) एकच असल्याने चौघांत दोघं नुसते बघत उभे राहतात. समजावणं मराठीत, वही इंग्रजीत, हे मात्र मला फार पटलं.

सीईटीचे मार्क वाढवायचे असतील तर इथे येऊ नका, तो इथला विषयच नाही. मुलगा किंवा मुलगी घड्याळ उघडून बघणारी असेल तर जरूर आणा. एक रविवार नुसतं बसू देतात, फी नंतर. सकाळी मिसळवाल्यांची गर्दी असते, थोडं लवकर निघा आणि गाडी गल्लीच्या बाहेरच लावा.