नऊ महिन्यांनंतर : कुमारजींचे गाणे, लॉसलेस वर्गणी आणि मध्येच तुटणारा तानपुरा

विलंबित म्हणजे संथ लयीतला ख्याल संपत आलेला असतो, शेवटची तान समेवर येऊन थांबते, तबलजी द्रुताच्या, म्हणजे जलद लयीच्या तयारीत असतो, आणि नेमक्या त्याच जागी माझ्या फोनवरच्या ॲपमधून जवळजवळ एक सेकंदभर काहीही ऐकू येत नाही. आवाज कमी होतो असे नाही; तो नाहीसाच होतो. तबला जातो, श्रोत्यांची कुजबुज जाते आणि तानपुराही जातो. मग काहीच घडले नसल्यासारखे द्रुत सुरू होते. नऊ महिन्यांच्या वापरात मला या जोडणीचे बरेच गुण-दोष दिसले. पण हा अनुभव मी लिहायला बसलो आहे तो मुख्यतः या एका सेकंदासाठी.

जोडणी साधीच आहे. फोन, त्याला लावायचा बोटभर लांबीचा डॅक (फोनमधला डिजिटल ध्वनी हेडफोनला चालेल अशा रूपात बदलणारे उपकरण), तारेचा हेडफोन आणि लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनीतले काहीही न गमावणाऱ्या दर्जाची तिमाही वर्गणी. डॅकला ३,८०० रुपये पडले. वर्गणी गेल्या आषाढात घेतली, कारण पाऊस सुरू झाला की आमच्याकडे ख्यालगायक कुमार गंधर्वांचे, म्हणजे आमच्या कुमारजींचे मल्हार लागतात. वडिलांच्या काळापासूनचा हा रिवाज आहे. आम्ही इंदूरचे. देवास आमच्यापासून पस्तीस-एक किलोमीटरवर आहे, आणि माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेले कुमारजींचे ‘भानुकुल’ हे घर आमच्या घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात लहानपणापासून येत असे. वडिलांनी त्यांना अनेकदा समोर बसून ऐकले होते. कुमारजी १९९२ च्या जानेवारीत गेले तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे माझ्या वाट्याला सगळे गाणे ध्वनिमुद्रणातूनच आले. म्हणूनच ते ध्वनिमुद्रण कसे पोहोचते हा माझ्यासाठी केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही.

आकडे वाचकांना ठाऊक असतीलच, म्हणून थोडक्यात सांगतो. सीडीच्या दर्जाचा ध्वनी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट. दोन वाहिन्या मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. फ्लॅकसारख्या पद्धतीत हीच माहिती काहीही न गमावता साधारण निम्म्या जागेत बसते. नेहमीच्या वरच्या दर्जाच्या स्ट्रीमिंगमध्ये ३२० किलोबिट मिळतात, आणि त्यासाठी एका मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज कानाला जाणवणार नाहीत असे धरून वगळले जातात. माझा आक्षेप प्रथम इथेच होता. गळ्याखाली सतत वाजणारा बारीक आवाज म्हणजे तानपुरा, आणि तोच जर वगळण्याच्या यादीत पहिला येत असेल तर लॉसलेसला पर्याय नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

ही समजूत दोन महिन्यांतच बदलावी लागली. गणपतीत भाचा आला होता. त्याने एकाच सीडीवरून ३२० आणि लॉसलेस अशा दोन्ही दर्जांच्या फाइली तयार केल्या आणि कोणती लावली आहे ते न सांगता मला दहा तुकडे ऐकवले. दहापैकी सहा मी बरोबर ओळखले. “मामा, नाणे उडवले असते तरी पाच आले असते,” असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले. वेगळ्याने ऐकवलेल्या कमी दर्जाच्या, ९६ किलोबिटच्या फाइलीत तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो हे मी प्रत्येक वेळी ओळखले. परंतु ३२० आणि लॉसलेस यांतला फरक माझ्या कानांना खात्रीने सांगता आला नाही. केवळ या फरकासाठी कोणी वर्गणी वाढवणार असेल, तर त्याने आधी अशी चाचणी घरी करून पाहावी आणि पैसे वाचवावेत.

मात्र त्याच चाचणीत एक वेगळीच गोष्ट हाती लागली. भाच्याने वापरलेली सीडी वडिलांच्या संग्रहातली होती आणि तीच मैफल ॲपवरही होती. दर्जा तोच, डॅक तोच, हेडफोन तोच. तरीही सीडीवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकारणारा नाद, स्पष्ट लागत होती आणि ॲपवरच्या आवृत्तीत तिचा वरचा, चमकणारा भाग जवळजवळ पुसला गेला होता. ॲपवरची आवृत्ती अधिक मोठ्या आवाजाची आणि अधिक ‘स्वच्छ’ होती. टेपचा खरखराट काढताना हे घडते. खरखर हा एकसारखा, न थांबणारा, हलका आवाज असतो आणि तो ओळखून वजा करणारी संगणकीय पद्धत तानपुऱ्याच्या उंच स्वरांशांनाही (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या बारीक स्वरांनाही) त्याच रांगेत बसवते, कारण तेही हलके असतात आणि तेही थांबत नाहीत. ज्याने ही सफाई केली त्याला गळा आणि तबला ऐकू येत राहिला, म्हणजे काम चांगले झाले असे वाटले असेल. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार गेला, हे त्याच्या लक्षात आले नसावे. मला खरखर चालते. ती काढण्याच्या बदल्यात तानपुरा द्यावा लागत असेल तर हा व्यवहार मला अजिबात मान्य नाही.

तानपुऱ्यावर मी इतका का अडतो, हे इथे सांगितले पाहिजे. १९४८ साली कुमारजी क्षयाने आजारी असताना देवासला आले आणि पुढची काही वर्षे त्यांना गाणे बंद ठेवावे लागले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकली, त्यांतून धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेल्या रागांचा विचार पुढे आला, आणि ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांच्या गाण्यात लांबलचक, एका दमात ओढत नेलेल्या ताना नव्हत्या. छोटे, नेमके, एखाद्या ठिणगीसारखे स्वरसमूह होते आणि दोन स्वरसमूहांच्या मध्ये विराम होते. ते विराम रिकामे नसतात. गवई थांबलेला असतो, वसंत आचरेकरांसारखा संयमी तबलासाथीदार ठेका धरून असतो आणि त्या जागेत तानपुरा पुढचा स्वर आधीच सांगत असतो. कुमारजी तानपुरे लावण्यासाठी किती वेळ देत, हे त्यांच्या मैफली ऐकलेले सगळेच सांगतात. जन्मशताब्दीच्या वर्षात देवासला एका बैठकीत मी अगदी तानपुऱ्याजवळ बसलो होतो, तेव्हा चार तारांमधून निघणारा तो अखंड झंकार अंगावर आल्यासारखा वाटला होता. ज्या गवयाचे निम्मे म्हणणे विरामांत आहे, त्याच्या विरामातून तानपुरा काढून घेणे म्हणजे त्याच्या कवितेच्या दोन ओळींमधली ओळ खोडण्यासारखे आहे.

आता त्या एका सेकंदाकडे परत येतो. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावत, आणि विलंबितानंतर द्रुत त्याच खाचेत सलग येत असे. डिजिटल प्रत करताना विलंबित हा एक ट्रॅक झाला आणि द्रुत हा दुसरा. असे तुकडे करायला माझी हरकत नाही, कारण एखाद्याला फक्त द्रुत ऐकायचे असू शकते. परंतु पहिला ट्रॅक संपताच दुसरा क्षणाचाही खंड न पडता सुरू झाला पाहिजे. एमपी३ मध्ये फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरली जाते, त्यामुळे तिथे किंचित खंड पडण्याला कारण तरी आहे. फ्लॅकमध्ये असे काही भरले जात नाही. मग लॉसलेसचे पैसे घेणाऱ्या ॲपमध्ये सेकंदभराची पोकळी कुठून येते?

प्रथम मी डॅकला दोष दिला. असे छोटे डॅक ध्वनीचा प्रवाह थांबताच स्वतःला मूक करून घेतात आणि पुन्हा जागे होताना सुरुवातीचा अंश गिळतात, हे खरे आहे. माझा डॅकही तेच करतो आणि एक हलकासा ‘टक्’ आवाजही देतो. पण सीडीवरून तयार केलेल्या फ्लॅक फाइली फोनमध्ये घालून दुसऱ्या साध्या प्लेअरवर लावल्या, तेव्हा विलंबितातून द्रुतात जाताना खंड पडला नाही आणि ‘टक्’सुद्धा झाले नाही. म्हणजे प्रवाह थांबवत होते ते ॲप. डॅकवर मी दोन महिने विनाकारण राग धरला होता.

आमच्या राजेंद्रनगरातल्या रविवारच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा दोन मते पडली. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांचे म्हणणे असे की, त्यांनी आयुष्यभर आकाशवाणीवरून आणि कॅसेटवरून ऐकले, एका सेकंदाने त्यांचे काही बिघडत नाही. मी त्यांचा आदर ठेवून एवढेच म्हटले की, वडिलांनी रेडिओवरून भरून घेतलेल्या कॅसेटमध्ये उंच स्वरांश जवळजवळ नाहीतच, तरीही तिच्यात तानपुरा एकदाही तुटत नाही. कॅसेटचा दर्जा कितीतरी कमी होता. सलगता मात्र पूर्ण होती. काकांनी हेडफोन लावून ती जागा दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाले, “नाही, हे बरोबर नाही.”

मधल्या काळात डॅक बिघडला. त्याची तार मानेजवळ पिचकली आणि उजव्या कानाचा आवाज येईनासा झाला. पाचवा महिना होता आणि वॉरंटी बारा महिन्यांची होती. कुरिअरने दोनदा पाठवला, एकवीस दिवस गेले आणि शेवटी ‘वापरणाऱ्याकडून झालेली इजा’ असे लिहून तो जसाच्या तसा परत आला. रोज खिशात ठेवण्यासाठी विकलेल्या वस्तूची तार खिशात ठेवल्याने तुटली तर ती वापरणाऱ्याची इजा कशी, या माझ्या प्रश्नाला तीन ईमेलनंतरही उत्तर मिळाले नाही. अखेर जेल रोडवरच्या एका छोट्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने तार कापली, नव्याने झाळली, वर नळी चढवून गरम हवेने घट्ट केली आणि दोनशे रुपये घेतले. चार महिने झाले, कुरकुर नाही. कंपनीने मुळातच तिथे अशी नळी दिली असती, तर दोनशे रुपये आणि एकवीस दिवस दोन्ही वाचले असते.

एका आनंदाची नोंदही केली पाहिजे, कारण तिच्यामुळे माझे मत पुन्हा बदलले. संक्रांतीच्या सुमारास घरचे इंटरनेट दोन दिवस बंद होते, म्हणून ॲपमध्ये आधी उतरवून ठेवलेलीच मैफल लावली. विलंबित संपले आणि द्रुत सुरू झाले, पण खंड पडला नाही. मला खरे वाटेना, म्हणून तीच जागा पाच-सहा वेळा ऐकली. थेट इंटरनेटवरून ऐकताना ॲप पुढचा ट्रॅक आधी मागवून ठेवत नाही, उतरवलेला असेल तर मात्र तो सलग जोडते, एवढेच त्यामागचे कारण दिसते. त्या दिवसापासून मी सगळे आधी वाय-फायवर उतरवतो. तासाभराच्या संगीताला सुमारे तीनशे एमबी जागा लागते. ती मी आनंदाने देतो. परंतु ही गोष्ट ॲपच्या मदत-पानावर कुठेही लिहिलेली नाही आणि मला ती कळायला सहा महिने लागले, याबद्दलची नाराजी कायम आहे.

दुसरी नाराजी नोंदींबद्दल आहे. कुमारजी वाग्गेयकार होते. शब्द त्यांचे, स्वर त्यांचे, कित्येकदा रागही त्यांचाच. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह छापील रूपात उपलब्ध आहेत. असे असताना ॲपमध्ये त्यांच्या स्वतःच्या बंदिशींपुढे रचनाकार म्हणून कुठे ‘पारंपरिक’ लिहिलेले आहे, तर कुठे जागा कोरीच आहे. कबीराच्या निर्गुणी भजनांना आणि त्यांच्या स्वतःच्या रचनांना एकच शिक्का मारला आहे. लगनगंधार हे रागाचे नाव रोमन लिपीत तीन निरनिराळ्या प्रकारे लिहिल्यामुळे एका शोधात तिन्ही ध्वनिमुद्रणे सापडत नाहीत, आणि सहेली तोडीचा शोध घेतला की निम्मी उत्तरे साध्या तोडीची येतात. एखाद्या चित्रपटगीताच्या गीतकाराचे नाव असे गाळले असते तर तक्रारींचा पाऊस पडला असता. मी चार बंदिशींबद्दल पान क्रमांकांसह लिहून कळवले होते. त्यांपैकी एकीची नोंद फेब्रुवारीत दुरुस्त झाली, आणि तिच्यापुढे कुमारजींचे नाव दिसले तेव्हा मला फार बरे वाटले.

हेडफोनबद्दल एवढेच की, ब्लूटूथवर ऐकायचे असेल तर लॉसलेसची वर्गणी घेऊ नये, कारण नेहमीच्या ब्लूटूथमध्ये ध्वनी पुन्हा आकसला जातो. चार वाहिन्यांचे, २४ बिटचे वगैरे जे पर्याय जाहिरातीत असतात, त्यांचा जुन्या मोनो टेपांना काही उपयोग नाही.

चौथ्या तिमाहीची वर्गणी भरावी की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. लॉसलेसचा दर्जा सोडून साधा दर्जा घेतला, कारण चाचणीत तो मला वेगळा ओळखता आला नव्हता आणि वर्षाकाठी त्यात बरीच बचत होते. पण दुसऱ्याच दिवशी पहिली मैफल उतरवून पाहिली, तर विलंबित आणि द्रुताच्या मध्ये पुन्हा बारीक खंड होता. सेकंदाचा नव्हे, पापणी लवण्याइतका, पण होता. साध्या दर्जात फाइलींच्या टोकांना भरलेली शांतता ॲप कापत नसावे. त्याच संध्याकाळी फरकाची रक्कम भरून लॉसलेस परत घेतले. वडिलांच्या कपाटातल्या सीडी आता एकेक करून फोनमध्ये भरतो आहे. आतापर्यंत अकरा झाल्या, आणि आषाढाच्या आधी मल्हारांच्या तरी सगळ्या व्हाव्यात असा प्रयत्न आहे.